पाहुण्याचं पाणी

खालच्या शहरात आम्हाला अजून मुंडकीतोडे म्हणतात. मी बाजारात मिरच्या घेऊन बसले की एखादी शहरी बाई हळूच विचारते, "तुमच्यात अजून डोकी कापतात का हो?" मी म्हणते, "कापतो ना. फार घासाघीस करणाऱ्याचं पहिलं." मग ती मुकाट्यानं मिरच्या घेऊन जाते.

मी तोंडाची फटकळ आहे. नाव उग्गाय, गाव सुमाकाल, वय मोजायचं सोडून दिलंय. आजोबांच्या छातीवर गळ्यापासून बेंबीपर्यंत गोंदण होतं आणि आमच्याकडे तसं गोंदवून घ्यायचं तर आधी वैऱ्याचं डोकं आणावं लागे. आजोबांनी चार आणली. त्याची मला लाज वाटत नाही, कुणी वाटवायला आलं तर त्याला मी पायरीवरूनच परत लावते. पण अभिमान कशाचा म्हणाल, तर ज्या हातांनी ती डोकी आणली त्याच हातांनी एके दिवशी थांबायचं ठरवलं, याचा. आम्हाला थांबवायला पोलीस आला नव्हता की पाद्री आला नव्हता. शहरातल्या साहेबाला तर आमच्या डोंगराची वाटसुद्धा ठाऊक नव्हती. आमचे आम्ही थांबलो.

नदीपलीकडच्या बांगयान गावाशी आमचं तीन पिढ्यांचं वैर. त्यांची अकरा माणसं गेली, आमची नऊ. शेवटी दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी बसून बोदोंग केला. बोदोंग म्हणजे दोन गावांनी एकमेकांना दिलेला शब्द. हा शब्द एका घरात राहायला येतो. आमचा भाला त्यांच्या एका घरात, त्यांचा भाला आमच्या एका घरात. ज्याच्या घरात भाला, त्यानं त्या गावच्या माणसाला आपल्या गावात जपायचं. आपल्याच कुणी त्याला ओरखडा काढला तर आपल्याच माणसाला शिक्षा करायची, मग तो पोटचा पोर का असेना. आणि भाला परत पाठवला की शब्द संपला. मग पूल ओलांडताना जो सापडेल तो मारायचा, म्हातारा असो नाहीतर बाई.

बांगयानचा भाला आमच्या गावात आधी माझा भाचा लागणाऱ्या गातावच्या आज्याकडे होता. त्याच्या मुलानं बांगयानचा एक रेडा चोरला. म्हाताऱ्याला ते माहीत होतं आणि तो गप्प बसला. कळलं त्याच दिवशी गावानं त्याच्या घरातून भाला बाहेर काढला. माहीत असून गप्प बसणाऱ्याच्या घरात भाला ठेवायचा नाही, असा नियमच आहे. बोदोंग झाला त्या दिवशी दोन्ही गावांनी तो मोठ्यानं म्हटलेला. मग भाला माझ्या बापाकडे आला आणि बापानं मरताना तो माझ्याकडे दिला.

काय गोंधळ झाला तेव्हा. माझा भाऊ वांदाग सतरा वर्षांचा होता, अजून मिसरूड फुटायचं होतं. पण बाकीचे चुलते होते, त्यांचे मुलगे होते. सगळे म्हणाले, बाईच्या रागाला लगाम नसतो, हिच्या घरात भाला नको. बाप आडवा पडलेला, श्वास पुरत नव्हता. तो म्हणाला, "जिभेला नसेल. हाताला आहे." एवढं बोलला आणि भाल्यावरचा माझा हात त्यानं दाबून धरला. एकतीस वर्षं तो भाला माझ्या घरात राहिला आणि एकतीस वर्षांत पुलावर रक्ताचा थेंब पडला नाही. हे मी सगळीकडे सांगते. अजूनही सांगते. माझ्या नवऱ्याच्या पुतण्यानं एकदा बांगयानच्या पारध्याची खोप जाळली. मी त्याच्या खांद्यावर जिवंत डुक्कर दिलं आणि पूल ओलांडून पोचवायला लावलं. पलीकडच्या बायका हसून हसून लोळल्या. त्या डुकरानं रस्ताभर त्याच्या पाठीवर काय काय केलं ते मी सांगत नाही.

आता वांदागचं सांगते. आई गेली तेव्हा तो चाळीस दिवसांचा होता. मी चौदा वर्षांची. पेजेचं पाणी बोटानं चोखवून मी त्याला जगवला. लोक म्हणायचे, जगायचा नाही. तो जगला, आणि असा जगला की त्याच्यासारखा बांध घालणारा सात गावांत झाला नाही. आमची भातखाचरं डोंगराला चिकटून आहेत, खालून वर दगडी बांधांवर उभी. एक बांध फुटला की खालची दहा खाचरं जातात. वांदाग दगड हातात घेऊन दोनदा फिरवायचा, तिसऱ्यांदा जागेवर ठेवायचा. ठेवला की संपलं, पुन्हा हलवायचं काम नाही. मधे माती नाही, सिमेंट नाही. बांगयानवालेसुद्धा त्याला बोलावून न्यायचे, ताट वाढून जेवू घालायचे.

त्याचा उजवा हात गेला.

शहरात सणाची गर्दी होती. वांदाग खानावळीत बसला होता. शेजारच्या बाकड्यावर बांगयानची तरणी पोरं पीत बसलेली. त्यातला एक तिनो, लिंगबावानच्या मुलीचा मुलगा. आणि लिंगबावान म्हणजे बांगयानमध्ये ज्याच्या घरात आमचा भाला आहे तो. माझा पलीकडचा जोडीदार म्हणा. तिनोनं कोयत्याचा एक घाव घातला. मनगटापासून हात गेला.

मला सांगायला माणूस आला तेव्हा मी भात कांडत होते. मी मुसळ खाली ठेवलं, ठेवलेलं मला आठवतं, मग जीपच्या टपावर बसून मी शहरात कशी पोचले ते आठवत नाही. दवाखान्यात वांदाग पडला होता. उजव्या हाताच्या टोकाला एवढं मोठं पांढरं गाठोडं. मी त्याच्याकडे बघितलं नाही. त्या गाठोड्याकडेच बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी तो बोलला.

"अक्का, पहिला हात मी उचलला."

"झोप."

"ऐक तर. तिनो म्हणाला, सुमाकालचे पुरुष बाईच्या परकराआड लपून बोदोंग पाळतात. तुझ्यावरून बोलला. मी बाटली घेतली आणि त्याच्या तोंडावर फोडली. त्याचे दोन दात पडले, अक्का. मग त्यानं कोयता काढला."

"ताप आहे तुला. बरळतोयस."

"ताप नाही."

"मी म्हणते आहे. तू पड."

त्याचा अर्थ मला चांगला कळत होता. पहिलं रक्त आमच्याकडून सांडलं असेल तर आम्हाला रक्त मागता येत नाही. मग दोन्ही बाजू बसून बोलतात, रेडे देतात, डुक्कर कापतात, जेवतात आणि उठतात. माझ्या वांदागचा हात मातीत गेला आणि मी जेवून उठायचं. मला ते नको होतं. मला तिनो हवा होता. खोटं कशाला बोलू, मला त्याचं डोकं हवं होतं, आणि ते हवं असण्यानं मला बरं वाटत होतं.

गावात परत आले तर अंगणात सगळे पुरुष जमलेले. पुढे गाताव, हातात कुऱ्हाड. हाच तो, ज्याच्या आज्याच्या घरातून भाला काढला होता. नात्यानं मी त्याची आत्या.

"आत्या, भाला काढ. मी स्वतः नेऊन टाकतो पुलापलीकडे."

"तीन दिवस थांबायचं असतं. लिंगबावान येईल. तो आला नाही तर भाला."

"आणि आला तर?"

"आला की बघू."

गातावनं माझ्याकडे नीट बघितलं. मोठ्या आवाजाचा आहे, पण अक्कल नाही असं नाही. "वांदागकडून काही झालं होतं का? शहरात लोक काहीबाही बोलतात."

"बसला होता," मी म्हणाले. "जेवत होता."

हे मी म्हणाले. तीस माणसांसमोर. आणि कुणी एक शब्द विचारला नाही, कारण उग्गाय खोटं बोलत नाही हे गावातल्या कुत्र्यालाही माहीत. गातावनं मान डोलावली. माझ्या शब्दाची एवढी किंमत होती, आणि ती मी तिथे अंगणात उडवून टाकली. तेव्हा मला काही वाटलंसुद्धा नाही. मी घरात गेले, आजोबांची कुऱ्हाड आढ्यावरून काढली आणि दगडावर पाणी शिंपडून घासायला बसले. भावजय आन्नाय चुलीपाशी होती. ती म्हणाली, "वन्सं, ही कशाला?" मी म्हटलं, "गंजलीय."  आन्नायनं चुलीतलं लाकूड पुढे सारलं.

मधे पोलीसही आले. दोघं जण, घामानं निथळलेले, हातात कागद. मी त्यांना कॉफी दिली, भाजलेलं रताळं दिलं. साहेब म्हणाला, "आजी, तक्रार लिहून द्या, आम्ही त्याला आत टाकतो. तुम्ही लोक आपसात काही रानटीपणा करू नका." मी म्हणाले, "साहेब, तुमचं सरकार जन्माला यायच्या आधीपासून आम्ही आमचा रानटीपणा बांधून ठेवलाय. तुम्ही रताळं खा." तेव्हा फार ऐटीत म्हणाले मी हे. कुऱ्हाड तेव्हा आत भिंतीला टेकून उभी होती, नुकती धार लावलेली.

वांदागला तिसऱ्या दिवशी सकाळी माझ्या घरी आणलं. डॉक्टर नको म्हणत होता, पण तो ऐकेना. आल्या आल्या त्यानं मला विचारलं, "सांगितलंस का?" मी म्हटलं, "तू आराम कर." त्याला आतल्या खोलीत निजवलं आणि आन्नायला सांगितलं, याला ताप आहे, बाहेर येऊ देऊ नको.

थोड्या वेळानं लिंगबावान आला.

पंच्याहत्तरीचा म्हातारा. पूल एकट्यानं ओलांडला, अंगावर कोयता नाही, काठीसुद्धा नाही. रीतच तशी. समोरच्या गावानं आगळीक केली असं आपलं म्हणणं असलं की त्यांच्या गावात आपला भाला सांभाळणारा आपल्याकडे येतो, रिकाम्या हातानं, आणि अंगणातल्या सपाट दगडावर बसतो. ऊन असो, पाऊस असो. मग आपण त्याला पाणी द्यायचं. भाला सांभाळणाऱ्याच्या हातचं पाणी त्याच्या घशाखाली उतरलं की तो आपल्या जिवाचा, त्याच्या केसाला धक्का लागायचा नाही आणि बोलणी सुरू. सूर्य डोक्यावर येईतो पाणी दिलं नाही, तर बोदोंग मेला. त्याला फक्त पुलापर्यंत जाऊ द्यायचं. पुलानंतर नाही.

मी ओट्यावर बसले होते. शेजारी पाण्याचा माठ, त्यावर करवंटी पालथी. मांडीवर कुऱ्हाड. गाव सगळं बांधावर, पायऱ्यांवर, झाडाखाली. गाताव वाटेवर उभा.

लिंगबावान बसला. पोटातून खोकला. मग म्हणाला, "उग्गाय, पोराचं कसं आहे?"

"हात गेल्यावर कसं असतं?"

"मी तिनोला घरात खांबाला बांधून ठेवलाय. आलो ते त्याचं म्हणणं सांगायला. तो म्हणतो, आधी..."

"भाऊ," मी म्हटलं, "पाणी झाल्याशिवाय पाहुण्यानं बोलायचं नसतं. तुम्हीच मला शिकवलंत."

 नियम बरोबर होता, एका अक्षरानं चुकीचा नव्हता. आणि मी तो वापरला त्याचं तोंड बंद करायला, बाटलीची गोष्ट त्याच्या तोंडून बाहेर पडू नये म्हणून. म्हाताऱ्यानं माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मला वाटतं त्याला तेव्हाच कळलं की मला माहीत आहे. पण तो नियम मोडणाऱ्यातला नव्हता. त्यानं हात गुडघ्यांवर ठेवले आणि उन्हात बसून राहिला.

मी पाणी दिलं नाही.

सकाळ सरत गेली. त्याच्या कपाळावर घाम आला, मग घाम यायचाही थांबला. ओठ पांढरे पडले. माझा नवरा गेला तेव्हा हाच माणूस डुक्कर खांद्यावर घेऊन आला होता आणि रात्रभर माझ्या दाराशी बसून गायला होता. माझ्या मुलीच्या लग्नात यानं झांज वाजवली होती. ते सगळं मला आठवत होतं आणि त्याचा काही उपयोग होत नव्हता. त्याची जीभ ओठांवरून फिरली की मला गोड वाटायचं. हो, गोड. मी मोजत होते, किती वेळा फिरते.

गाताव म्हणाला, "आत्या, म्हाताऱ्याला सावलीत सरकवू का? डोकं तापलं तर कुऱ्हाड घसरते म्हणतात."

लोक हसले. मीही हसले. लिंगबावाननं मान वर करून गातावकडे नाही, माझ्याकडे बघितलं. मी हसू आवरलं नाही.

माझ्यात काहीतरी मोकळं सुटलं होतं. लोकांना वाटतं ते आजोबांच्या काळात रानात राहायचं. ते कुठेही गेलेलं नव्हतं. एकतीस वर्षं ते माझ्याच घरात माझ्याच ताटात जेवत होतं, आणि मी सगळ्या जगाला सांगत होते की मी त्याला बांधून ठेवलंय.

सावली पायरीच्या कडेला आली. अजून दोन बोटं आणि सूर्य डोक्यावर. गातावनं कुऱ्हाड एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. लिंगबावाननं दगडावर हात टेकले, उठायच्या बेतानं.

तेवढ्यात माझ्यामागे दार वाजलं.

वांदाग बाहेर आला. अंगात ताप, पाय लटपटत होते, उजवा हात गळ्यात बांधलेला. आन्नाय मागे उभी होती आणि तिनं त्याला अडवलेलं नव्हतं, हे मी बघितलं. त्यानं माझ्याकडे न बघता माठावरची करवंटी डाव्या हातानं उचलली, माठात बुडवली. डावा हात त्याचा कधी काही शिकला नव्हता. निम्मं पाणी ओट्यावर सांडलं. उरलेलं घेऊन तो माझ्यासमोर आला आणि करवंटी माझ्या हातात दिली, कुऱ्हाडीच्या दांड्यावरच.

"दे, अक्का. तुझ्या हातून जायला हवं."

मग तो लोकांकडे वळला.

"ऐका," तो म्हणाला. आवाज बारीक होता, पण बांधापर्यंत पोचला. "तिनोनं माझा हात तोडला, खरं आहे. पण आधी मी त्याच्या तोंडावर बाटली फोडली. दोन दात पाडले. पहिलं रक्त माझ्याकडून. जेवत नव्हतो मी, भांडत होतो."

गाताव म्हणाला, "आत्या तर म्हणाली..."

"अक्काला माहीत नव्हतं," वांदाग म्हणाला. "मी तिला सांगितलंच नव्हतं. लाज वाटली म्हणून लपवलं. ती जे बोलली ते तिला खरं वाटलं म्हणून बोलली."

आणि तो माझ्या शेजारी ओट्यावर बसला. धापा टाकत होता.

पोरगा खोटं बोलला. जन्मात पहिल्यांदा माझ्यासाठी गावासमोर खोटं बोलला. दवाखान्यात त्यानं मला काय सांगितलं ते त्याला माहीत, मला माहीत. तिसऱ्या कुणाला नाही. मी फक्त उठून ते पाणी द्यायचं होतं. सगळं जिथल्या तिथे राहणार होतं. बोदोंग वाचला असता, भाला माझ्याच घरात राहिला असता. लोक म्हणाले असते, बघा उग्गाय, भावाचा हात गेला तरी खरं कळताक्षणी तिनं पाणी दिलं. पुढे तीन पिढ्या सांगितलं असतं. आजूबाजूला मी बघितलं तर माझ्या गावच्या बायका डोळे पुसत होत्या. माझ्यासाठीच पुसत होत्या.

 लिंगबावान बघत होता. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता. फक्त तहान होती, आणि मी काय करते याची वाट.

मी वांदागकडे बघितलं. पेजेचं पाणी चोखणारं ते तोंड. चाळीस दिवसांचा असताना त्याला कसला गर्व नव्हता, मला होता, की मी याला जगवीन. हा माझ्या हातचा आहे. हा मला वाचवायला खोटं बोलला आणि माझ्याच गावासमोर स्वतःची मान खाली घालून घेतली त्यानं. असल्या माणसाच्या आड मी लपायचं? उग्गायनं? बापानं भाला दिला तो असल्या उग्गायला दिला नव्हता.

मी उठले. कुऱ्हाड खाली पडली, तिचा आवाज झाला.

"हा खोटं बोलतोय," मी म्हणाले.

"अक्का," वांदाग म्हणाला.

"तू गप्प बस. यानं मला दवाखान्यातच सांगितलं. दुसऱ्याच दिवशी. मला माहीत होतं पहिलं रक्त कुणी सांडलं. माहीत असून मी तुम्हाला सांगितलं की तो जेवत होता. आणि माहीत असून मी या म्हाताऱ्याला सकाळपासून उन्हात ठेवलं. घरात पाणी नव्हतं म्हणून नाही. मला तिनोचं डोकं हवं होतं, तुमच्या हातून."

  मग गाताव पुढे आला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

"आत्या, माझ्या आज्याला तुमच्या लोकांनी याचसाठी घराबाहेर... याचसाठी भाला काढून नेला होता. एका रेड्यासाठी. आमच्या घराला अजून टोमणे मारतात."

"याचसाठी," मी म्हटलं. "तिथे रेडा होता, इथे माणसं होती. माझं जास्त वाईट. आता भाला माझ्या घरात राहत नाही. आणि माझ्या हातचं पाणी आता पाणी नाही."

सावली पायरीवरून खाली उतरत होती. वेळ नव्हता. मी करवंटी वांदागच्या डाव्या हातात दिली.

"तू दे. आजपासून भाला तुझ्या घरात. कुणाला काही म्हणायचंय?"

मी सगळ्यांकडे बघितलं, एकेकाकडे. गातावकडे शेवटी.  कुऱ्हाड त्यानं कमरेच्या पट्ट्यात खोचली.

"वांदाग चालेल," तो म्हणाला. "वांदाग खरं बोलतो. अधूनमधून."

कुणीतरी हसलं. मग वांदाग पायऱ्या उतरला. आन्नाय त्याला धरायला गेली तर त्यानं तिला मानेनंच नको म्हटलं. अंगण ओलांडेपर्यंत करवंटीत दोन घोट उरले असतील. लिंगबावान दगडावरून उठला, वाकला, आणि दोन्ही हातांनी त्याचा तो न शिकलेला डावा हात खालून धरला. तसाच त्याच्या हातातून प्याला. शेवटचा थेंब संपेपर्यंत त्यानं हात सोडला नाही. वांदागनं मान वळवली नाही, डोळे मिटले नाहीत. ज्याच्या नातवानं हात तोडला त्याला त्यानं उरलेल्या हातानं पाणी पाजलं, आणि हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. मला सांगा, खालच्या शहरात कुणी बघितलंय का असं? त्यांच्या कोर्टात, त्यांच्या ठाण्यात? मला कुणी पुन्हा रानटी म्हटलं तर मी त्याला हेच सांगते. नाही सांगितलं तर माझं नाव उग्गाय नाही.

लिंगबावाननं तोंड पुसलं. 

"बोलायचंय बरंच," तो म्हणाला. "तिनोनं काय भरायचं, कसं भरायचं. पण बोलणी कुणाशी करू?"

आणि तो माझ्याकडे बघू लागला. त्याची काय चूक, एकतीस वर्षांची सवय. त्याच्यामागोमाग सगळं गाव माझ्याकडे बघू लागलं. गातावही. वांदागसुद्धा. त्याचे ओठ हलत होते, अक्का, सांग ना, असंच म्हणत असणार.

"माझ्याकडे काय बघता," मी म्हटलं. "भाला ज्याच्या घरी, बोलणी त्याच्याशी. मी आता नुसती बहीण."

पाहुण्याला जेवू घालायचं असतं, आणि तेही भाला ज्याच्या घरात त्याच्या चुलीवरचं. आन्नाय एकटी काय काय करणार. मी पदर खोचल्यासारखा कमरेचा पट्टा आवळला, अंगण ओलांडलं आणि त्या सगळ्यांच्या मधून वांदागच्या घरी भात शिजत घालायला गेले. कुणी बाजूला सरकलं, कुणी नाही. भाला घरात असताना एकतीस वर्षं मी ताठ चालत आले. पण त्या दिवशी जेवढी ताठ चालले, तेवढी त्याआधी कधी चालले नव्हते.